काखेतलं पायताण

काटेआप्पांकडे चांगलं करकरीत पायताण होतं. भोरच्या बाजारात ते पायात असायचं आणि नदीकाठच्या वाटेवर काखेत. साऱ्या जगाची रीत याच्या उलट. माणूस रानात पायताण घालतो आणि देवळाशी, वाड्याशी, मोठ्यांच्या ओसरीशी काढतो. आप्पा वेशीबाहेर पडून नदीकडे उतरले की थांबत, पायताण काढत, एकमेकांवर आपटून धूळ झाडत आणि काखेत मारत. मग पाय किंचित घासत, घाई न करता चालू लागत. थोडं चालले की वाकत, मातीतून काहीतरी उचलत, कमरेला बांधलेल्या पत्र्याच्या डबीत टाकत आणि झाकण लावत. हे मी अठरा वर्षं पाहिलं.

ते बाभळीचे काटे वेचायचे. दुसरं काही नाही. पहाटे उजाडल्यावर वेशीपासून निघायचं, नीरेच्या काठाने गावाच्या पाठीमागून वळसा घालायचा, आणि उन्हं चढायच्या आत आपल्या मळीच्या, म्हणजे नदीच्या गाळाच्या शेतावर पोचायचं. गावातली पोरं त्यांना काटेआप्पा म्हणू लागली, मग मोठी माणसंही म्हणू लागली. कुणी म्हणायचं नवस आहे, कुणी म्हणायचं बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झाला. आप्पांच्या कानावर दोन्ही यायचं, पण त्यांनी कुणाचं खोडून काढलं नाही. एकदा मी विचारलं, आप्पा, डोळ्यांनी दिसतो काटा, मग अनवाणी कशाला? त्यांनी माझ्याकडे मी अगदीच अडाणी असल्यासारखं पाहिलं.

"बाई, डोळ्याला दिसतो त्यो काटा कुनीबी टाळतंय," ते म्हणाले. "धुळीत बसल्याला काटा पायालाच घावतो."

ही वाट कशी होती ते सांगायला हवं, कारण या गोष्टीत तीही एक माणूसच आहे. भोर गावाच्या गावकुसाची भिंत जागोजाग ढासळलेली, पण वेशी उभ्या होत्या आणि राजवाड्याचा तट नदीवरून अजून ताठ दिसायचा. वरच्या वेशीतून खाली उतरलं की नदीच्या कडेने पायवाट लागायची. करंजांची सावली, महादेवाचं देऊळ, धुण्याचे दगड, एक मोठा उंबर, मग मळीची शेतं, आणि शेवटी वळून खालच्या वेशीशी. दीड-दोन मैलांत एक चढ नाही. मऊ, घट्ट बसलेली माती. सायकल अशी जायची की पायडल मारायचं भान राहू नये.

सायकल माझी होती. म्हणजे संस्थानच्या दवाखान्याची होती, पण चालवायची मी. मी तेव्हा तेवीस वर्षांची. नवरा लग्नानंतर वर्षभरात गेला, माहेरच्यांनी पुण्याला नर्सचं शिक्षण दिलं आणि नोकरी भोरात मिळाली. डॉक्टरसाहेबांनी पुढची दांडी नसलेली सायकल मागवून घेतली, कारण बाळंतीण तीन मैलांवर असली तर नर्सने चालत जाऊन उपयोग नाही. वाड्यामागच्या मैदानात कंपाउंडरने ती मला शिकवली. मी चार वेळा पडले आणि पाचव्या वेळी पडले नाही. नऊवारी नेसून सायकलवर बसलेली बाई भोरने तोवर पाहिली नव्हती. बाजारातून गेले की पोरं तोंडाने घंटीचा आवाज काढत मागे धावायची आणि दुकानदार तराजू हातात धरून बघत राहायचे. शिवाय बाजारातली फरशी उखडलेली, तिथे सायकल हातात धरूनच न्यावी लागे. मी नदीकडची वाट धरली ती अशी. लांबची होती, पण सायकलवर तीच लवकर व्हायची. आणि तिथे कुणी हसत नव्हतं.

पहिल्याच वर्षाच्या फाल्गुनात, सकाळी दहाच्या सुमारास, मळीच्या शेतावरून निरोप आला. तरण्या बाईची पहिली खेप, बाळ झालंय, पण वार पडत नाही आणि रक्त जातंय. सुईणीने हात टेकले होते. मी पिशवी कॅरियरला बांधली आणि निघाले. बाजारातून पायी गेलं तर वीस मिनिटं, नदीकडून सायकलवर बारा-तेरा. मी नदीकडे वळले. उंबराच्या अलीकडे पुढचं चाक बसलं आणि दहा हातांवर मागचं. खाली बघते तर दोन्ही टायरांत बाभळीचे पांढरे काटे रुतलेले, एकदोन नव्हेत, ओळीने. मी सायकल उंबराला टेकवली आणि पिशवी घेऊन धावत सुटले. नऊवारीत बाई किती धावणार? पोचले तेव्हा बराच वेळ गेला होता. बाईच्या ओठांचा रंग गेलेला होता. मी वार काढली, जे शिकले होते ते सगळं केलं. ती माझा हात धरून होती, मग तिने तो सोडला.

मुलगी जगली. दाराबाहेर त्या बाईचा नवरा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, तिशीच्या आतला, उंच, हाडाचा. मी सांगितलं तेव्हा त्याने मान हलवली. तेच आप्पा. तेव्हा त्यांना आप्पा कुणी म्हणत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सायकल दवाखान्याच्या पायरीशी उभी होती. पुसलेली, दोन्ही टायरांतले काटे काढलेले. आदल्या दिवशी बायकोला अग्नी देऊन आलेला माणूस उंबराखाली जाऊन माझी सायकल हातात धरून आणतो, हे मला त्या वेळी कळण्यापलीकडचं होतं. मी कंपाउंडरकडून ट्यूबला ठिगळं लावून घेतली. पुढे आठदहा दिवसांनी नदीकाठी तो माणूस मला दिसला. अनवाणी, काखेत पायताण, जमिनीकडे पाहत चाललेला. मी सायकलवरून उतरले. तो बाजूला झाला.

"चला तुमी, बाई," तो म्हणाला. "हितवर साफ हाय."

मला वाटलं, दुःखाने असं करतोय, महिना-दोन महिन्यांत थांबेल. ते थांबले नाहीत. मुलीला त्यांच्या आईने वाढवलं, तानू नाव ठेवलं. दुसरं लग्न करा म्हणून म्हातारी मागे लागली, तेही त्यांनी केलं नाही. मात्र त्यांचं वेचणं वाढत वाढत गेलं, कारण काटे आपोआप पडत नाहीत, माणसं पाडतात, हे आप्पांच्या लक्षात आलं होतं. आमच्याकडे कुंपण करायचं तर बाभळ तोडायची आणि फांद्या शेतापर्यंत ओढत न्यायच्या. सारा मुलूख ओढतो. खांद्यावर कोण घेईल? अंग फाटतं. ओढताना जी वाट लागते तिच्यावर काटे झडत जातात आणि धुळीत बसतात. मळीचे शेतकरी हेच करायचे, आणि आप्पांनी त्यांच्याशी भांडण कधी काढलं नाही. ओढणारा दिसला की हे जायचे, फांदीचं मागचं टोक उचलायचे आणि खांद्यावर घ्यायचे. पुढच्या माणसाला मग लाजेने पुढचं टोक उचलावंच लागायचं. दोघे मिळून शेतापर्यंत जायचे. शेतावर पोचल्यावर आप्पा खांदा झटकायचे आणि न बोलता परत फिरायचे. एकाच माणसाला हे तीनदा करावं लागत नसे.

दिवाळीनंतर डोंगरावरचे धनगर मेंढरं-शेरडं घेऊन नदीला उतरत. शेरडांना पाला म्हणून ते बाभळीच्या फांद्या वाटेवरच छाटून टाकायचे. आप्पा त्यांच्या मेंढवाड्याशी जाऊन तंबाखू मळत बसले. काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण पुढच्या साली धनगरांनी शेताच्या अंगाला छाटणी केली आणि त्यांच्यातली एक म्हातारी मला सायकल थांबवून म्हणाली, "तुमच्या काटेवाल्यानं सांगितलंय, बाई." माझा काटेवाला. 

पावसाळा संपला की सगळं पहिल्यापासून. नीरा फुगून वाटेवर यायची आणि जाताना गाळात रानभरचं काटकूट ठेवून जायची. त्या दिवसांत आप्पा गुडघ्यांवर बसून हाताने गाळ चाळायचे. डबी भरली की घरी न्यायचे आणि न्हाणीच्या चुलीत घालायचे. नदीत टाकून का देत नाही, असं मी एकदा म्हटलं.

"फेकला म्हंजी दुसऱ्याच्या पायाला दिला," ते म्हणाले.

एक गोष्ट मात्र मला कळायची नाही. सगळ्या मळीत त्यांचं एकट्याचं शेत उघडं होतं. त्यांनी कुंपण म्हणून घातलंच नाही. म्हशी शिरायच्या, गुरं हरभरा खाऊन जायची, शेजारी हसायचे. त्यांच्या आईने मला मध्ये घातलं. मी आप्पांना म्हटलं, निदान निवडुंग तरी लावा. त्यांनी पुढच्या पावसाळ्यात बांधावर दगड रचायला घेतले, एकेक करून, नदीतून वाहून आणून. ती भिंत पुरी व्हायला सहा वर्षं लागली. मला ती जिद्द वाटली. काट्यांचा तिटकारा आला असेल, असंही वाटलं. मी नर्स होते, माणसाच्या दुखण्याचं मूळ शोधायचं माझं काम, आणि हे मूळ मी शोधलं नाही. कारण मूळ मला माहीत आहे असंच मी धरून चालले होते. ते माझ्यापाशीच होतं.

मी बाजारातून पायी गेले असते तर पोचले असते. वीस मिनिटं. हा हिशेब मी किती वेळा केला असेल! आणि मी नदीकडे का वळले? सायकल लवकर पोचते म्हणून, हे खरं. पण त्या सकाळी आठवडी बाजार होता, पोरांचा घोळका वेशीतच उभा होता, आणि त्यांच्यापुढून जायचं माझ्या जिवावर आलं होतं, हेही खरं. वाटेवर आप्पा भेटले, बाजूला झाले, "साफ हाय" म्हणाले की हे माझ्या जिभेवर यायचं. मग मी पायडल मारायची. त्या दिवसानंतर अठरा वर्षांत त्या वाटेवर माझ्या सायकलला काटा लागला नाही. दुसरीकडे पुष्कळदा लागला.

तानू आईविना वाढली ती बापाचं बोट धरून. ती सतरा वर्षांची झाल्यावर आप्पांनी तिला हिर्डोशीला दिली, घाटाच्या बाजूच्या चांगल्या घरात. पुढच्या साली पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. आपल्याकडची रीतच ती, पहिली खेप माहेरी. आप्पा तिला आणायला गेले तेव्हा विहीणबाई हसून म्हणाल्या होत्या की आमच्याकडे ठेवली तरी चालेल. आप्पा मला ते सांगताना हसले नाहीत. त्यांना ती भोरातच हवी होती, जिथे माझी सायकल होती. आणि ती भोरात नसती तर बरं, असंही त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्याच घरात, त्याच खोलीत, आईच्या वयाची झालेली लेक. तिला नववा लागला तसे आप्पा दिवसातून दोनदा वाट चालू लागले, सकाळी एकदा आणि दुपार कलल्यावर पुन्हा.

निरोप दुपारी आला. तानूला बघायला आलेला तिचा दीर धावत आला होता. पोर झालंय, आणि वार पडत नाही. तेच शब्द.  पिशवी बांधताना गाठ बसेना. वेशीशी आले आणि थांबले. डावीकडे बाजार. आता तिथे मला कुणी हसत नव्हतं; त्यातल्या निम्म्या पोरांच्या बायकांची बाळंतपणं मीच केली होती. पायी वीस मिनिटं, खात्रीची. उजवीकडे नदी. मी किती वेळ थांबले? चार श्वास असेल. मग सायकल उजवीकडे वळवली. त्या माणसाने अठरा वर्षं जे केलं होतं त्यावर मीच विश्वास ठेवला नसता, तर कुणी ठेवायचा?

करंज मागे गेले, महादेव मागे गेला. उंबरापाशी आप्पा उभे होते. अनवाणी, काखेत पायताण, कपाळ घामाने भिजलेलं. ते घरून उलट्या बाजूने सगळी वाट पायांनी चाचपत तिथवर आले होते. मला पाहून ते वाटेतून बाजूला झाले.

"हाना बाई," ते म्हणाले. "पार घरापतुर साफ हाय."

मी वेळेत पोचले. रक्त जायला नुकती सुरुवात झाली होती. वार हाताने काढावी लागली, तानू ओरडली, आणि ओरडणारी बाई मला त्या दिवशी जितकी गोड वाटली तितकी कधी वाटली नव्हती. अर्ध्या तासाने रक्त थांबलं. म्हातारी पोराला पुसत होती. मी हात धुवून बाहेर आले तेव्हा आप्पा दारात बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, अगदी तसेच. मी सांगितलं, दोघंही चांगली आहेत. त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. आम्ही दगडी बांधाकडे बघत होतो.

"बाई," आप्पा म्हणाले, "त्या फांद्या माज्या व्हत्या."

मला क्षणभर कळलं नाही कुठल्या फांद्या.

"आदल्या सांजंला कुंपनासाठी म्याच वढत आनल्या," ते म्हणाले. "खांद्यावं घेतल्या तर अंग फाटतं, म्हनून वढल्या. तिला अग्नी दिऊन तुमची सायकल आनाया गेलो, तवा धुळीत फरफटल्याली रेघ दिसली. म्हनलं कुनाची हाय बगावं. रेघंवर चालत गेलो. माज्याच शेताच्या तोंडाशी आली."

त्या रात्रीच त्यांनी ते कुंपण उपसून जाळलं होतं. अठरा वर्षं त्यांनी हे ना आईला सांगितलं होतं, ना लेकीला. मला रडू आलं. बाळंतिणीच्या घरी नर्सने रडू नये हे मी नव्या नर्स पोरींना शिकवत असे, पण मी रडले. मग मीही सांगितलं. बाजारातून पायी आले असते तरी वेळेत पोचले असते, पोरं हसतात म्हणून नदीकडे वळले, हे सगळं. आप्पांनी ऐकून घेतलं. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"पोरं हसायचीच," ते सावकाश म्हणाले. "तुमी नव्या व्हता गावात."

"आणि काट्याने अंग फाटतंच, आप्पा," मी म्हटलं.

एवढंच आम्ही बोललो. आतून पोर रडलं आणि ते उठून आत गेले.

मला वाटलं होतं, आता ते पायताण घालून फिरतील. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळंतिणीला बघायला निघाले तर महादेवाच्या अलीकडे आप्पा वाकलेले, काखेत पायताण. आता कुणासाठी, असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही. त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि बाजूला झाले. फक्त त्या दिवशी ते "साफ हाय" म्हणाले नाहीत. बाळाचं अंग कसं आहे, दूध ओढतं का, हे विचारलं.

पुढे संस्थान विलीन झालं, दवाखान्याचा कारभार बदलला आणि माझी बदली पुण्याला झाली. सायकल कचेरीत जमा करायची होती. आदल्या दिवशी मी ती शेवटची नदीकडून फिरवली. आप्पा मला मोटारीपर्यंत पोचवायला आले, बाजारातून, पायात पायताण घालून.  मोटार हलताना त्यांनी हात जोडले, आणि माझ्यापेक्षा वयाने मोठ्या माणसाने माझ्यापुढे हात जोडलेले मला आवडले नाहीत. मी तसं म्हणेपर्यंत मोटार चौकाबाहेर पडली होती.

वर्ष-दीड वर्षाने तानूचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. आप्पा तापाने गेले. चार दिवसांचं दुखणं, फार हाल झाले नाहीत. पत्र पोचायला उशीर झाला होता; मी भोरला गेले तेव्हा दिवस उरकून वर पंधरवडा झाला होता. मोटारीतून उतरून बाजारातून सरळ जायचं सोडून मी वरच्या वेशीतून नदीकडे उतरले. इतक्या दिवसांत वाट कुणी वेचली नसणार. पायाखाली काय येईल याची मनाची तयारी करून चालले होते.

करंजांच्या पुढे एक तरुण समोरून आला. त्याच्या खांद्यावर गोणपाटाची घडी, आणि घडीवर बाभळीची भली मोठी तोडलेली फांदी. ती सांभाळताना तो वाकडा झाला होता. दंडावर ओरखडे होते, एका ओरखड्यातून रक्त आलं होतं. मी बाजूला झाले. तो ओळखीचा दिसेना म्हणून विचारलं, कुठला तू? भोंगवलीचा, म्हणाला, यंदाच मळीत वाट्याने शेत केलं होतं.

"अरे, मग ओढत ने की," मी म्हटलं. "अंग फाटलं तुझं."

"हितं वढत न्हाईत, बाई," तो म्हणाला.

"का?"

"ते ठावं न्हाई. आलो त्याच दिवशी सांगितलं मला, ह्या वाटंवर फांदी टेकवायची न्हाई."

कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. त्याने खांदा बदलला, फांदी सावरली आणि तो पुढे गेला. तो वळणाआड गेल्यावर मी चपला काढल्या, झाडल्या आणि काखेत घेतल्या. पाय थोडे घासत, सावकाश चालले. उंबरापर्यंत पायाला काही लागलं नाही.